घरत बाईंचा तास

पी.टी.चा तास म्हणजे आमच्या शाळेतलं बेवारस सामान होतं. ज्याला लागेल त्याने उचलावं. गणिताचा पोर्शन राहिलाय, घ्या पी.टी.चा तास. विज्ञानाच्या वह्या पूर्ण व्हायच्यात, घ्या. पाहुणे येणार म्हणून पोरांकडून स्वागतगीत घोटून घ्यायचंय, घ्या. ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मूल धावलं नाही म्हणून नापास झालं, असं काही आम्ही ऐकलं नव्हतं. वंदना घरत आमच्या कामोठ्याच्या शाळेत पी.टी. शिकवायला आल्या, तोवर हे अगदी सुरळीत चाललं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्या सहावी ब च्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत गणिताचे देसाई सर अपूर्णांक शिकवत होते. मी शेजारच्या वर्गात मराठी घेत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"सर, हा तास माझा हाय."

"मॅडम, आज मी घेतोय. पोर्शन राहिलाय."

"तुमचा पोर्शन तुमी तुमच्या तासात संपवा. माझा पोर्शन भायेर ग्राउंडवर हाय."

देसाई सर नुसते हसले. नवीन आहेत, शिकतील, असं त्यांना वाटलं असणार. घरत बाई निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी देसाई सरांच्या गणिताच्या तासाला त्या सरांच्या आधी वर्गात पोचल्या, शिट्टी मारली आणि अख्खी सहावी ब घेऊन मैदानावर गेल्या. सर आले तेव्हा वर्गात दप्तरं होती, मुलं नव्हती. तक्रार ऑफिसात गेली. प्रिन्सिपल मॅडमनी जाब विचारला तर बाई म्हणाल्या, "माझा पन पोर्शन राहिला व्हता." त्यानंतर सहावी ब चा तास कुणी उचलला नाही. बाकीच्या वर्गांसाठी मात्र त्यांना दर आठवड्याला नव्याने भांडावं लागलं, आणि त्या भांडल्या.

बाई उंच होत्या, हाडापेराने रुंद होत्या आणि चांगल्या वजनदारही होत्या. आवाज असा की मैदानावर बोलल्या तरी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने आपोआप पाठ ताठ करावी. पंजाबी ड्रेसखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत खोचलेलं आणि शिट्टी बाहेर. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे सगळ्या बायका 'मिस' नाहीतर 'मॅडम'. ह्यांनी मुलांना पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "बाई म्हना. मॅडम म्हनलं की मला वाटतं माझ्या मागं दुसरंच कोन उभं हाय." झालं, त्या 'घरत बाई' झाल्या. आम्ही बाकीच्या मॅडमच राहिलो.

माहेर चिरनेरचं, सासर सुकापूरचं. लग्नाआधी कबड्डी खेळायच्या, आणि नंतरही लपूनछपून खेळल्या असं त्याच सांगत. स्टाफरूममध्ये डबा उघडला की तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी निघे. दोन-तीन नाकं मुरडत आणि खुर्च्या सरकत. बाई त्या सरकलेल्या खुर्च्यांकडे बघून म्हणत, "बरा झाला, हात पसरायला जागा झाली." मी त्यांच्या शेजारी बसायचे. त्या मला 'काय गो' म्हणून हाक मारत आणि मी त्यांना 'अहो बाई'. हे शेवटपर्यंत बदललं नाही.

त्यांची एक सवय मला आधी खुळचट वाटायची. प्रार्थनेच्या आधी येऊन त्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारत. तळाला भोकं पाडलेला एक चेपका डबा होता, त्यातून ती पांढरी पूड भुरभुरत त्या वाकून मागे मागे चालत जात. संध्याकाळपर्यंत पोरं त्या रेषा तुडवून पुसून टाकत, की सकाळी पुन्हा त्याच. एकदा म्हटलं, "अहो बाई, रोज कशाला? एकदा पक्का रंग मारून घ्या ना." तर म्हणाल्या, "नुसता ग्राउंड दिला तर आजची पोरं कडेला उभी ऱ्हातात गो. ताजी रेषा दिसली की आत उतरतात. रेषा म्हनजे आवतान हाय." मी दुसऱ्या दिवशी खिडकीतून मुद्दाम पाहिलं. खरंच, पोरं आधी रेषेवर उभी राहत, मग एक पाय आत टाकत, आणि मग सगळीच सुटत.

खाण्याबद्दल त्या फारसं बोलत नसत, ह्याचंच मला नवल वाटे. वाढदिवसाला मुलं वेफर्सची पाकिटं आणि चॉकलेटं वाटत. बाकीच्या मिस 'अनहेल्दी, अनहेल्दी' म्हणत आणि पर्समध्ये टाकत. घरत बाई तिथल्या तिथे वेष्टन काढून चॉकलेट तोंडात टाकत. "खाल्ल्यानं पोरगा मरत नाय. खाऊन बसला की मरतो. ही पोरं जाडी नाय गो, ही बसवलेली हायत."

बसवलेली. हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो आजतागायत उठलेला नाही. सकाळी लिफ्टने खाली, व्हॅनमध्ये बसून शाळेत, शाळेत बाकावर, पुन्हा व्हॅन, जेवून ट्यूशन, तिथे आणखी छोट्या खोलीत आणखी छोट्या बाकावर, मग घरी सोफ्यावर मोबाइल. सोसायटीत खेळावं तर 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'. रस्त्यावर खेळावं तर रिक्षा अंगावर येतात. एवढं करून पोराचं पोट सुटलं की आई-बाप त्याच्याकडे असे बघतात, जसं काही त्याने चोरीच केली. हे आम्हीच, शिकलेल्या, पगारदार लोकांनी केलं. आणि करून झाल्यावर आम्ही आरोग्याचे कार्यक्रम घ्यायला लागलो.

असाच एक कार्यक्रम शाळेत आला. नाव 'सुदृढ शाळा'. मुलांमधला लठ्ठपणा रोखायचा, म्हणजे कागदावर वाचलं तर वाईट काहीच नाही. मैदानावर मांडव घातला, म्हणजे त्या दिवशी मैदान गेलंच. दुधात घालायची पावडर विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने खर्च उचलला होता. पुढच्या सोफ्यावर संस्थेचे अध्यक्ष बसले होते. गावचे मोठे जमीनदार, बाईंच्याच समाजातले, आता बिल्डर, सगळे त्यांना शेठ म्हणत. स्टेजवर वजनकाटा आणि माइक. कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक तरुण एकेका मुलाला काट्यावर चढवी, वजन माइकवर पुकारी आणि छातीवर गोल स्टिकर लावी. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे जास्त.

सहावी ब मधली तन्वी काट्यावर चढली. गुबगुबीत, गोरीगोमटी, हुशार पोर. माइकवरून तिचं नाव, तिचं वजन आणि वर "ओव्हरवेट!" असं गेलं, लाल स्टिकर बसला आणि मागच्या रांगेतून पोरं कोरसमध्ये 'लाल, लाल' ओरडायला लागली. पोरगी स्टेजवरून उतरायचंच विसरली. आम्ही शिक्षक रांगा सरळ करत होतो. प्रिन्सिपल मॅडम फोटो काढत होत्या.

घरत बाई मैदानाच्या टोकापासून चालत आल्या. धावल्या नाहीत, हे मला चांगलं आठवतं. स्टेजवर चढल्या, तन्वीला बाजूला घेतलं आणि स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या.

"सांग," त्या तरुणाला म्हणाल्या.

"मॅडम, हे फक्त स्टुडंट्ससाठी आहे."

"सांग. माइकवर सांग. पोरीचा सांगलास तसा."

त्याने तोंडातल्या तोंडात आकडा सांगितला. "मोठ्यानं!" तो मोठ्याने बोलला. "आता लाल चिटकव." त्याने लाल स्टिकर बाईंच्या कुर्त्याला चिकटवला. बाईंनी माइक स्वतःच्या हातात घेतला आणि सोफ्याकडे बघून म्हणाल्या, "आता शेठना वर बोलव."

शेठचं पोट शेठच्या आधी खोलीत शिरायचं, हे शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी हसून हात हलवला, पण उठले नाहीत. कुणीतरी घाईने माइकची वायर काढली, वजनं घेणं तिथेच थांबलं आणि राष्ट्रगीत झालं. मुलांना घरी जाताना कंपनीने पावडरीच्या पुड्या वाटल्या, हिरव्यावाल्यांना आणि लालवाल्यांनाही. पुडीवर लिहिलं होतं, वजन वाढवा, उंची वाढवा. लठ्ठपणा रोखायच्या कार्यक्रमात! मी मराठीची बाई, पण त्या दिवशी मला शिव्यांपलीकडे एकही शब्द सुचला नाही.

बाईंनी तो लाल स्टिकर दिवसभर काढला नाही. तसाच लावून स्टाफरूममध्ये भाकरी खाल्ली, तसाच लावून मुलांना गेटपर्यंत सोडलं. तन्वी व्हॅनमध्ये चढताना वळून तो बघत होती.

त्यानंतर पी.टी.चा वार आला की तन्वीचं पोट दुखायचं. आईची चिठ्ठी यायची. तिसऱ्यांदा चिठ्ठी आली तेव्हा बाईंनी ती वाचली नाही, खिशात घातली आणि म्हणाल्या, "पोट दुकतंय? बरं. खेळू नको. रेषा तर मारशील?" तिच्या हातात फक्कीचा डबा दिला. पोरीने पहिली रेषा मारली ती नागासारखी वाकडी. बाईंनी पायाने पुसली. "पुन्हा." तीही वाकडी. "पुन्हा." मी खिडकीतून बघत होते. रेषा मारता मारता तन्वी सगळं मैदान उलटं चालत फिरली, घामाघूम झाली आणि शेवटी स्वतःच मारलेल्या चौकोनात उभी राहिली. तिथून तिला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही. मग पुढच्या तासाला ती आपोआप कबड्डीतल्या एका बाजूची झाली.

आई शाळेत आली, हातात डाएटचा तक्ता. "बाई, हिचं वजन किती दिवसांत कमी होईल?"

"मला नाय माहीत," बाई म्हणाल्या. "मी वजनासाठी नाय घेत तिला. खेळायला घेते."

"अहो, पण डॉक्टर म्हणाले की आत्ताच लक्ष द्या, नाहीतर पुढे..."

"डॉक्टर बरोबर बोलले. द्या लक्ष. पन घरी लाल चिटकवू नका तिला. जेवताना ताटाकडं बघून बोलता ना? ते बंद करा."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई जरा जास्तच कडक बोलल्या, असं मला वाटलं. त्यांचं ते नेहमीचंच होतं, एकदा राग सुरू झाला की समोर कोण आहे हे त्यांना दिसत नसे. गरीब आई सापडली की तिच्यावर, शिपाई सापडला की त्याच्यावर. माझ्यावरही निघे. "तू काय बघतेस खिडकीतून, चप्पल काढ नि ये खाली," असं त्या भर मैदानातून ओरडत आणि वर्गातली पोरं खिदळत.

तन्वी काही चॅम्पियन वगैरे झाली नाही. बारीकही फारशी झाली नाही. पण एक दिवस मराठीच्या तासाला ती दोन्ही गुडघे खरचटलेले घेऊन आली आणि बसायच्या आधी मला म्हणाली, "मॅडम, आज मी तिघांना ओढत पार रेषेजवळ गेले आणि आऊट झाले!" आऊट झाल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. मी तिला कविता वाचायला सांगितली आणि तिने ती धापा टाकत वाचली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मैदान नव्हतं.

म्हणजे जागा होती. तिच्यावर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं, चारी बाजूंनी उंच जाळी, वर मोठाले दिवे. संस्थेने मैदान सहा वर्षांसाठी टर्फवाल्याला दिलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून आलेले पुरुष तासाच्या भाड्याने तिथे क्रिकेट खेळणार. दिवसा कुलूप, कारण पोरांच्या बुटांनी गवत फाटतं. आणि त्या जाळीच्या दाराला, कुलपाच्या बरोबर वर, 'सुदृढ शाळा' कार्यक्रमाचा फलक टांगला होता: रोज एक तास मैदानी खेळ खेळा. तो तिथे टांगताना कुणाचाही हात अडखळला नाही, हे मला आजही पटत नाही.

पी.टी.चा तास आता हॉलमध्ये व्हायला लागला. पडद्यावर एक गाजर उड्या मारायचं आणि व्यायामाचे फायदे सांगायचं. मुलांनी ते बघायचं. मांडी घालून, हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्या दिवशी बाई हॉलच्या दारात उभ्या राहून ते गाजर बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी गेले. त्यांनी शिट्टी मुठीत घट्ट धरली होती, आणि बाईंची शिट्टी अशी मुठीत गेली की मला भीती वाटायची.

टर्फचं उद्‌घाटन शनिवारी सकाळी होतं. शेठ, चार पाहुणे, फीत, पेढे. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, दार उघडलं. पाहुणे आत जायच्या आधी शाळेच्या बाजूने घरत बाई आल्या, मागे ओळीने सहावी ब, सगळी अनवाणी. बाईंनी त्या हिरव्या गवतावर वाकून फक्कीची रेषा मारायला सुरुवात केली. टर्फवाला किंचाळला, "अहो, डाग पडतील!" बाई मागे मागे चालत राहिल्या.

शेठ पुढे आले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "वंदे, तू आपली हाय ना गो? आपल्याच मानसानं असं केलं तर लोकं काय बोलतील?"

"आपली हाय म्हनूनच बोलते," बाई कंबर सरळ करत म्हणाल्या. "शेती इकली आपन. मिठागरं इकली. ती आपली व्हती, इकली तर इकली. ही जागा पोरांची हाय, शेठ. ही तुमी कशी इकलीत?"

"इकली कुटं? भाड्यानं दिली."

"पोरांचा वय पन भाड्यानं देता येतो का? सा वर्सांनी टर्फवाला जागा परत देईल. ही पोरा तवा कुटं असतील?"

पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, बाईमाणूस आहे. त्यावर बाई त्याच्याकडे वळल्या. "चिरनेरची हाय मी. आमच्या गावानं सत्याग्रहात जंगलासाठी गोळ्या खाल्ल्यात. मी एका ग्राउंडसाठी शिव्या खाल्ल्या तर काय बिघडलं?" आणि त्यांनी शिट्टी मारली.

पोरं खेळली. एक डाव पुरता झाला. तन्वी तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' करत पलीकडे गेली, पकडली गेली आणि चौघांच्या खाली गाडली गेली. पाहुणे मोबाइल काढून शूटिंग करायला लागले. शेठ हुशार माणूस. कॅमेरे बघितल्यावर तेही टाळ्या वाजवायला लागले. सोमवारी शाळेच्या सोशल मीडियाच्या पानावर तो फोटो होता, 'आमची सुदृढ शाळा' म्हणून. फोटोत पोरं होती, शेठ होते. बाईंना कापलं होतं. कोपऱ्यात त्यांचा नुसता फक्कीचा डबा दिसत होता.

जाळीचं कुलूप तसंच राहिलं. वर्ष संपताना बाईंना सांगण्यात आलं की पुढल्या वर्षी पी.टी.साठी 'डिजिटल मॉड्यूल' घेतलंय, वेगळ्या शिक्षिकेची गरज नाही. त्या कॉन्ट्रॅक्टवर होत्या, तेव्हा काढून टाकायचीही तसदी पडली नाही. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसून शेवटची भाकरी खाल्ली, डबा धुतला आणि म्हणाल्या, "तन्वी आता कुटं धावेल गो?" स्वतःचं काय होईल हे त्या बोलल्या नाहीत.

तन्वी कुठे धावणार? जूनपासून तिला नवी ट्यूशन लागली. वर्गात ती पहिल्यासारखी मागच्या बाकावर बसायला लागली. मधल्या सुट्टीतही उठेना.

मग ऑगस्टमध्ये मला त्या दिसल्या. सुकापूरला एका शाळेत मुलाखतीसाठी निघाले होते, मलाही आमच्या शाळेचा वीट आला होता. रस्त्याच्या कडेला एक मोकळा प्लॉट होता, तिथे टॉवर होणार होता. शेजारच्या सोसायटीच्या गेटवर चौकशी केली तेव्हा कळलं की उन्हाळ्यापासून रोज संध्याकाळी घरत बाई तिथे फक्की मारून आसपासची पोरं खेळवत होत्या. पण त्याच आठवड्यात बिल्डरने प्लॉटभोवती निळे पत्रे ठोकले होते. ते नेमके बाईंच्या मधल्या रेषेवर आले. कबड्डीचं अर्धं मैदान पत्र्याच्या आत गेलं, अर्धं बाहेर फूटपाथच्या मातीत राहिलं. रेषा पत्र्याखालून आत जाताना दिसत होत्या.

उरलेल्या अर्ध्यात बाई उभ्या होत्या. रेषा ताज्या होत्या. पोरं दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्यात, शाळेच्या गणवेशातच, ट्यूशनचं दप्तर बाजूला टाकून तन्वी होती. कामोठ्याहून ती इथवर कशी येते हे मी विचारणार होते, पण रस्त्यापलीकडे तिची आई स्कूटरवर बसलेली दिसली. तिच्या हातात ना तक्ता होता, ना मोबाइल. ती नुसती बघत होती.

"बाई, पलीकडची बाजूच नाय," एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला. "चढाई कुणावर करायची?"

"ह्या पत्र्यावर कर," बाई म्हणाल्या. "दम धरून जायचं, पत्र्याला हात मारायचा नि परत यायचं. दम सुटला तर आऊट."

पहिला पोरगा गेला आणि पत्र्याला बोट लावून आला. बाईंनी शिट्टी मारली. "आऊट! तो हात हाय का? बोट लावायला तो काय देव हाय?"

मग तन्वी निघाली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मातीत पाय आपटत, दप्तराला वळसा घालत, गाल लाल झालेले. तिने पंजा उघडून पत्र्यावर असा तडाखा दिला की आतलं काम थांबलं आणि पत्र्यावरून एक पिवळं हेल्मेट डोकावलं.

"जोरात गो पोरी," घरत बाई ओरडल्या. "अजून जोरात मार. आतल्यांना ऐकू गेला पायजे."

तन्वीचा दम अजून सुटला नव्हता. ती अर्ध्यातून वळली आणि पुन्हा मारायला गेली.